सांगून ठेवलेला निकाल

बोगादी, म्हैसूर
१८ जानेवारी

यशोधन,

फोन केला असता तर दोन मिनिटांत संपला असता. फोनवर आपण दोघंही हो म्हणतो आणि ठेवतो. म्हणून लिहिते आहे.

ऋचाच्या कॉलेजचा खो-खोचा संघ अंतिम फेरीत पोचला. मध्ये परीक्षा आल्यामुळे अंतिम सामना पुढे गेला आहे. एक मार्च, रविवार, इथेच, विद्यापीठाच्या मैदानावर. त्यानंतर विद्यापीठाचा संघ निवडतील. तिचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर ती खेळत राहील, नाही झाली तर थांबेल. असं तिने मला भाजी चिरताना सांगितलं.

मग म्हणाली, "बाबाने यायला हवं. नाही आला तर मी बाहेर बसणार. सरांना सांगून ठेवलंय."

मी विचारलं, "त्याचा काय संबंध?"

"त्याच्यासमोर पळायचंय. नाहीतर ते हुणसूर तसंच राहील."

हुणसूरबद्दल आपण तिघं कधी एकत्र बोललो नाही. मी लिहून काढते. आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत, एवढं तरी त्यातून नक्की होईल.

दोन वर्षांपूर्वीचा, हुणसूरच्या मैदानावरचा सामना. आपला संघ एका गुणाने पुढे होता. तिघींच्या शेवटच्या तुकडीतली ऋचा एकटी उरली होती आणि वेळ संपत आला होता. ती बाद झाली नसती तर संघ जिंकला असता. मागून ती उंच मुलगी आली. तू माझ्या शेजारी उभा होतास. तू ओरडलास, "गेली!"

ऋचा थांबली. चालत रेषेबाहेर गेली. पंचांनी हात वर केला. त्या मुलीचा हात ऋचाच्या पाठीपासून वीतभर लांब होता. मी पाहिलं. तूही पाहिलंस. बरोबरी झाली आणि जादा डावात संघ हरला.

मैदानावर शेकडो माणसं कानडीत ओरडत होती, ते तिच्या कानावरून जात होतं. तू मराठीत ओरडलास. रात्री ती म्हणाली, पळताना हात लागला की नाही ते नेहमी कळत नाही. बाबाला दिसलं असेल असं वाटलं.

तू म्हणालास, "सगळेच ओरडतात."

ते खरं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी तू चाकणला गेलास. बदली मागून घेतलीस की मिळाली, हे मी विचारलं नाही. आताही विचारत नाही. सामन्याला ये.

विभावरी


२७ जानेवारी

यशोधन,

तुझा निरोप मिळाला. "बघतो. येईन."

सध्या संध्याकाळी मी सरावाला जाऊन बसते. शाळेतून सुटले की घरी जाऊन करायचं असं काही नसतं. शेजारचे तिरुमलराव येतात. तू गेल्यावर ते खालच्या मजल्यावर राहायला आले. त्यांचे आजोबा की पणजोबा राजांच्या नोकरीत इकडे आले, तेव्हापासून ते इथलेच. त्यांचं मराठी पहिल्या दिवशी मला अर्धंच कळलं. आता कळतं. ते तरुणपणी खो-खो खेळत, असं त्यांच्या पत्नी नागरत्ना सांगतात. ते स्वतः सांगत नाहीत.

सरावाचा डाव सुरू झाला की ते पहिल्या मिनिटाला मांडीवर हात आपटतात आणि म्हणतात, "सोत्वी. हरलो हो आपण."

मी म्हटलं, "अजून सुरू व्हायचंय."

"म्हणूनच की हो अम्मा. मी सांगून ठेवलं. आता हरल्या तर मला ठाऊक होतं. जिंकल्या तर फुकटचं."

"आणि जिंकणार म्हटलं तर?"

"अय्यो! तसं बोलायचं नाही. नजर लागते. पोरींना नव्हे, मला."

नागरत्नाबाई मागून म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीपण हेच. मुहूर्त चुकला, मुहूर्त चुकला म्हणून मांडवभर सांगत फिरले. तासभर होता हो मुहूर्ताला."

"लागलं की नाही लग्न?"

"लागलं. तेच तर."

तिथे येणाऱ्या लोकांचं बोलणं मी ऐकत बसते. एम.ए.ला असताना शिकवलं होतं की पुढे घडणारी गोष्ट सांगायला भविष्यकाळ असतो. मैदानावर तसं नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यांतून सुटलेली मुलं सायकली लावून बघतात. ती म्हणतात, जिंकतोय. घडत नसलेलं घडतंय म्हणून सांगतात. कुणाकुणाचे वडील म्हणतात, जिंकलो, संपलं. चहाची किटली घेऊन निघतात आणि अर्ध्या वाटेवरून परत येतात. तिरुमलराव हरलो म्हणतात. प्रशिक्षक काहीच म्हणत नाहीत.

जिंकतील, असं फक्त मी म्हणते. खेळ बघणारा माणूस तसं बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. जिंकतील म्हणणारा माणूस सभ्यपणे बोलत असतो. त्याला घरी जायचं असतं.

तू रजेचा अर्ज दिलास का, ते कळव.

विभावरी


९ फेब्रुवारी

यशोधन,

उत्तर आलं नाही. मी थांबले होते.

ऋचा सरावात एक वेगळी गोष्ट करते आहे. ती तुला सांगणं मला भाग आहे, म्हणजे तिथे आल्यावर तू दचकणार नाहीस.

तिच्या संघात चंदना म्हणून एक मुलगी आहे. सरगूरची. वडील ऊस आणि हळद लावतात, ही इथे वसतिगृहात राहते. रविवारी आपल्याकडे जेवायला येते. तिला मराठी येत नाही. ऋचाने तिला आणि बाकीच्या मुलींना एक शब्द शिकवला आहे. ऋचा पळायला लागली की बसलेल्या मुलींनी तो ओरडायचा.

त्या सगळ्या ओरडतात, "गेली! गेली! गेली!"

पहिल्या दिवशी ऋचा प्रत्येक वेळी थांबली. मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी तिची पावलं नुसती अडखळली. आता थांबत नाही. तिरुमलरावांना मी कारण सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "बरं आहे की. कानाला घट्टे पडतात."

रविवारी जेवताना चंदनाने विचारलं की या शब्दाचा अर्थ काय. ऋचाने कानडीत सांगितला. चंदनाने घास खाली ठेवला.

"इन्नू आगिल्वल्ला!" म्हणजे, अजून झालेलंच नाही की.

"नाहीच."

"मग खोटं ओरडतो आपण?"

"खोटं नाही गं. होणार म्हणून ओरडतात."

"होणार तर होणार म्हणा."

"तेवढा वेळ नसतो."

चंदनाला ते पटलं. आता ती कुठेही तो शब्द वापरते. बस लांबून दिसली की गेली. दूध उतू जायच्या आधी गेली. आमच्या शाळेच्या फाटकावरच्या शिपायालासुद्धा तिने परवा ते म्हणून दाखवलं. ऋचा खूप हसली. घरात हसण्याचा आवाज आला तर मी आतल्या खोलीतून बाहेर येते. येऊन काय करायचं ते नंतर सुचत नाही.

मला एक कळत नाही. इतक्या मुली ओरडतात आणि ती थांबत नाही, तर मग तू कशाला हवास? मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "त्यांना मराठी येत नाही."

विभावरी


२१ फेब्रुवारी

यशोधन,

कंपनीत तपासणी आहे आणि रजा मिळणं कठीण आहे, हे वाचलं. हे मी ऋचाला सांगितलेलं नाही. तिने रोज विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. ती विचारत नाही. तू येतोस असं धरून ती चालली आहे. सरांनी संघाची यादी लावली, त्यात तिचं नाव आहे. तू आला नाहीस तर ती सकाळी ते काढायला लावील. ती तसं करील. ती तुझ्यासारखी आहे, बोलत नाही आणि करते.

मी तुला परत ये म्हणत नाही. हे स्पष्ट असावं म्हणून लिहिते. एक दिवस ये, सामना बघ आणि जा. तुझी खोली आता ऋचाची आहे. गाद्या वर ठेवल्या होत्या, त्यांतली एक उन्हात घातली. ती कोणासाठी असं नागरत्नाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, कुबट वास येत होता.

तिरुमलरावांनी कालच जाहीर केलं की आपण हरलो. दुसरा संघ मंड्याचा आहे, त्यांच्या मुली उसासारख्या उंच आहेत म्हणे. "एकतर्फी झाला हो सामना. बघवला नाही." हे ते फिरायला निघालेल्या दोघांना सांगत होते. त्या दोघांनी विचारलं, कधी झाला? म्हणाले, "पुढच्या रविवारी."

तुझ्याबद्दलही त्यांनी विचारलं. साहेब येतात का? मी म्हटलं, नाही आले.

मी असं का म्हटलं ते मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं केलंत."

तिकीट काढलंस का, एवढंच कळव.

विभावरी


५ मार्च

यशोधन,

तू पोचल्याचा निरोप मिळाला. तू मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बसलास, म्हणून या बाजूने काय दिसलं ते लिहिते.

तू सकाळच्या बसने आलास आणि घरी न येता सरळ मैदानावर गेलास. ऋचाने तुला फाटकाशी पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते. बुटांची नाडी सोडून तिने पुन्हा बांधली. मग सरांकडे जाऊन उभी राहिली.

तुझ्याकडे यावं असं मला एकदा वाटलं. मध्ये मैदान होतं. खेळ सुरू झाल्यावर ते ओलांडता येत नाही.

पहिल्या डावात आपल्या मुलींनी पाठलाग केला. चंदनाने एकटीने चार जणी टिपल्या. ती खांबाशी वळते तेव्हा जमिनीला जवळजवळ टेकते. तिरुमलराव डोकं धरून बसले होते. "सोत्वी. सोत्वी. काय खेळतात हो." आम्ही तेव्हा पाच गुणांनी पुढे होतो. मंड्याच्या बाजूने बसलेला एक माणूस उलट ओरडत होता की ते जिंकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हसले आणि पुन्हा आपापलं ओरडायला लागले.

दुसऱ्या डावात ऋचा दुसऱ्या तुकडीत आली. तिच्याबरोबरच्या दोघी लवकर बाद झाल्या. मग ती एकटी पळत राहिली. माझ्या बाजूचे सगळे उभे राहिले. कोणी वाचली म्हणत होतं, कोणी संपली म्हणत होतं. दोन्ही एकाच वेळी ऐकू येत होतं. मंड्याचे लोक औट, औट म्हणून ओरडत होते. खूप आवाज होता आणि ती नीट पळत होती. एकदा हात तिच्या वेणीला लागता लागता राहिला. ती थांबली नाही. मला वाटलं, झालं, हुणसूर संपलं.

मग ती पलीकडच्या खांबाला वळसा घालून आली. तुझ्या समोरून. तिथे तिने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे खो मिळालेली मुलगी उठली होती. ऋचाला वेळ होता. ती पळाली असती तर सुटली असती. ती संथ झाली. फार नाही. त्या मुलीने तिच्या खांद्याला हात लावला. स्वच्छ, सगळ्यांना दिसेल असा.

नळापाशी मी पाण्याच्या बाटल्या भरत होते, तेव्हा तू आलास. पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते.

ऋचा तिथेच होती. म्हणाली, "बाबा, तू ओरडला नाहीस."

"नाही."

"का?"

"तू ये म्हणालीस. ओरड म्हणाली नाहीस."

"सगळे ओरडत होते. तुझाच आवाज नव्हता. मला वाटलं, बाबा गप्प आहे म्हणजे ती अजून लांब आहे."

तू खाली बघितलंस. नळ चालू होता, मी बंद केला नाही.

"मला दिसलं नाही, ऋचा. मी डोळे मिटले होते."

"कधीपासून?"

"तू आत आलीस तेव्हापासून."

ती म्हणाली, "मग आलास कशाला? चाकणलाच मिटायचे होते!" आणि हसायला लागली. तूही हसलास. इतक्या दिवसांत मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. चंदना धावत आली आणि दोघींनी एकमेकींना पाण्याने भिजवलं. तुझा शर्ट भिजला.

संघ दोन गुणांनी जिंकला. तिरुमलराव म्हणाले, "फुकटचं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

विद्यापीठाच्या संघात आपल्या तिघी घेतल्या. चंदनाचं नाव आहे. ऋचाचं नाही. निवड करणाऱ्या बाईंनी सरांना सांगितलं की मुलगी चांगली आहे, पण मध्येच लक्ष जातं.

तू संध्याकाळच्या बसने गेलास. मी चहा आणायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही दोघं झाडाखाली उभे राहून बोलत होतात. काय ते ऋचाने घरी आल्यावर सांगितलं. पुण्यात क्लब आहेत, परीक्षा झाली की ये, माझ्याकडे राहा, तिथे खेळ. तिने हो म्हटलं. तू मला आधी विचारायला हवं होतंस असं मला वाटलं नाही. वाटलं असतं तर लिहिलं असतं.

गादी पुन्हा वर ठेवली.

विभावरी


१७ मे

यशोधन,

ऋचा पोचली, हे तिचा फोन आला तेव्हा कळलं. आवाज चांगला होता. मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाबा पोहे करतोय, म्हणाली. तू पोहे करतोस हे मला माहीत नव्हतं.

तिचा डावा गुडघा सकाळी आखडतो. ती सांगत नाही. जिना उतरताना कठड्याला हात लावला तर समजायचं. पळून आल्यावर तिला लगेच खायला लागतं. अर्धा तास गेला की मग नको म्हणते. केसांचं तेल मी बॅगेत ठेवलं होतं, ते तिने काढून कपाटात ठेवलं, काल सापडलं. पाठवत नाही. तिथे मिळेल.

क्लबच्या लोकांनी तिला घेतलं, हे वाचून बरं वाटलं. तिथले लोक मराठीत ओरडत असतील. त्याची तिला सवय करावी लागेल. ते तिने तुझ्यासमोर करावं की एकटीने, ते तुम्ही ठरवा.

नागरत्नाबाई रोज संध्याकाळी वर येतात. काही ना काही घेऊन येतात आणि बसतात. तिरुमलराव खालून हाक मारतात की मी जेवलो, झोपलो. त्या म्हणतात, "तासभर आहे अजून." आणि उठत नाहीत.

शाळेला सुट्टी आहे. मैदानावर उन्हाळी स्पर्धा चालू आहेत, लहान मुलींच्या. तिरुमलराव उन्हाचे येत नाहीत. मी जाते. कोण खेळतंय ते मला माहीत नसतं. दोन्ही बाजूंना मुलींचे आईवडील बसतात, डबे घेऊन. मी सावली असते तिथे बसते. सावली सरकते, तशी मीही दुसऱ्या बाजूला जाते.

परवा शेजारी एक बाई होती. कडेवर मूल होतं आणि ती पूर्ण वेळ उभी होती. तिची मुलगी बाद होऊन आली, पाणी प्यायली, पुन्हा गेली. मग त्या बाईने मला कानडीत विचारलं, "तुमची कुठली?"

मी मैदानाकडे पाहिलं. तिघी पळत होत्या. मी एकीकडे बोट दाखवलं. बारीक होती, शर्ट मोठा होत होता, बाही दंडावर दुमडली होती.

"छान पळते," ती बाई म्हणाली.

मी हो म्हटलं.

त्यानंतर मी दुसऱ्या कुणाकडे बघू शकले नाही. ती बरीच टिकली. दोनदा खांबाशी पाय घसरला, उठली. मी उभी राहिले होते हे मला उशिरा कळलं. ती बाद झाली तेव्हा त्या बाईने मूल खाली ठेवलं आणि माझा हात धरला.

विभावरी